वीस मिनिटांच्या उशिराला दार बंद करावं का?

प्रश्न एका गाडीमालकाचा आहे. थोडक्यात असा: "माझे चार टँकर आहेत. एका ड्रायव्हरला धोकादायक मालाच्या तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. पहिला दिवस नीट झाला. दुसऱ्या दिवशी तो वीस मिनिटं उशिरा पोचला, तर संस्थेनं आतच घेतलं नाही. वर सांगितलं, पुढच्या बॅचला पहिल्यापासून तीन दिवस बसा आणि फीही नव्यानं भरा. पंधरा वर्षं गाडी चालवतोय तो. माझी ऑर्डर गेली, त्याचा भत्ता बुडाला. कायद्यात उशिराचा असा काही नियम आहे का, की ही मनमानी आहे?"

एकोणीस वर्षं मी हेच वर्ग घेतोय. तुमचा राग मला समजतो, कारण दाराशी उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरला परत पाठवणारा माणूस मीच असतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. दार बंद केलं ते बरोबर केलं. पहिला दिवस पुसून टाकला आणि फी पुन्हा मागितली, ते मला पटत नाही. आणि ड्रायव्हर उशिरा का पोचला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या दृष्टीनं या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

आधी कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९ हा या वर्गाचा आधार. त्यात 'उशीर' हा शब्द कुठेही नाही. किती वाजता दार लावायचं, किती मिनिटांची सूट द्यायची, हे त्या नियमात लिहिलेलं नाही. ते संस्था ठरवते. पण नियमात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत. प्रशिक्षणाचा कालावधी तीन दिवस. आणि त्या तीन दिवसांत काय काय शिकवायचं, त्याची यादी. पहिला आणि दुसरा दिवस सुरक्षित ड्रायव्हिंग आणि पुढच्या पातळीचं कौशल्य, तिसरा दिवस मालाची सुरक्षितता. हा अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट मी देतो, त्यावर आरटीओ लायसन्सवर शेरा मारतं आणि तो शेरा पाहून तुमच्या ड्रायव्हरला डेपोत लोडिंगला उभं करतात. म्हणजे उशिराचा नियम संस्थेचा असला, तरी त्याचं मूळ 'तीन दिवस' या शब्दांतच आहे. पावणेतीन दिवस बसलेल्या माणसाच्या कागदावर मी 'तीन दिवस' असं लिहून सही करावी, एवढीच मागणी उशिरा येणारा माझ्याकडे करत असतो. त्याला ती मागणी तशी वाटत नाही, मला वाटते.

आता तुम्ही म्हणाल, वीस मिनिटांनी काय बिघडतं? सुरुवातीची वीस मिनिटं तर नाव-गाव, हजेरी आणि चहा यातच जातात. काही ठिकाणी जात असतील. तसं असेल तर त्या संस्थेला दार बंद करायचा अधिकार नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. माझ्याकडे दुसऱ्या दिवसाची पहिली वीस मिनिटं कशी जातात ते सांगतो.

नऊ वाजता सगळी बॅच मैदानात, उभ्या टँकरभोवती. मी काही बोलत नाही. एका ड्रायव्हरला पुढे बोलावतो आणि सांगतो, "ही गाडी तुझी आहे, दहा मिनिटांत भरायला निघायचंय. कर तपासणी." नियमातल्या यादीत हे आहेच: गाडीच्या बाहेरून, खालून, आजूबाजूला, मालाच्या बाजूनं आणि केबिनच्या आतून. बाकीच्यांनी फक्त बघायचं. तो टायरवर लाथ मारतो, पाणी-ऑइल बघतो, आरसा पुसतो, आणि म्हणतो, "झालं सर." बहुतेक जण इथंच थांबतात. मग मी त्याला घेऊन मागच्या बाजूला जातो आणि खाली वाकायला सांगतो. डिलिव्हरी पाइपच्या तोंडाचं झाकण मी आदल्या संध्याकाळी अर्धवट सैल करून ठेवलेलं असतं. अग्निशामक सिलिंडरच्या काट्याची सुई हिरव्याच्या बाहेर. मागच्या पाटीवर जुन्या मालाचा नंबर तसाच राहिलेला. तीन दोष, तीनही डोळ्यांसमोर, आणि पंधरा-वीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेला माणूस त्यांच्या बाजूनं चालत गेला. त्या क्षणी बॅचमध्ये जी शांतता पसरते, तिच्यावर माझा पुढचा अख्खा दिवस चालतो. 'मला हे सगळं येतं' ही समजूत तिथं सुटते. जो नऊ वाजून वीस मिनिटांनी येतो, त्याची ती समजूत शाबूतच राहते. उरलेला दिवस तो हाताची घडी घालून बसतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की संध्याकाळी कोण उशिरा आला होता हे हजेरीपट न बघता मी सांगू शकतो.

तिसऱ्या दिवसाची सकाळ तर त्याहून अवघड. पाटी वाचायला शिकवायची असते. टँकरवरच्या त्या पाटीवर चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १८३० गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. त्याच्या वर हॅझकेम कोड, म्हणजे आग किंवा गळती झाली तर काय करायचं ते सांगणारी आकडा-अक्षरांची खूण. पेट्रोलचा ३ वाय ई. यातला ३ सांगतो की आग विझवायला फोम हवा, आणि शेवटचा ई सांगतो की आजूबाजूची माणसं हलवण्याचा विचार करा. ही बाराखडी पहिल्या अर्ध्या तासात होते. त्यानंतरचं सगळं, म्हणजे ट्रेमकार्ड (त्या मालासाठी आणीबाणीत काय करायचं, ते लिहिलेलं गाडीतलं कार्ड) कसं वाचायचं, गळती झाली तर वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, विहीर किंवा ओढा जवळ असेल तर बांध कुठं घालायचा, हे त्या बाराखडीवर उभं आहे. उशिरा आलेल्यासाठी ती पुन्हा घ्यायची, तर बाकीच्यांचा वेळ जातो. नाही घ्यायची, तर तो माणूस दिवसभर न समजणारे आकडे वहीत उतरवत बसतो आणि संध्याकाळी माझ्याकडून सही घेऊन जातो.

वेळेचा आणखी एक हिशेब आहे, तो गाडीमालकांच्या लक्षात येत नाही. नियमातच लिहिलंय, की मैदानावरची चाचणी एका वेळी एकाच ड्रायव्हरची घ्यायची. माझी बॅच तीस जणांची असली आणि प्रत्येकाला नुसती दहा मिनिटं दिली, तरी तीनशे मिनिटं होतात, म्हणजे पाच तास. दुसऱ्या दिवशी सकाळची वीस मिनिटं वाया गेली की संध्याकाळी दोन ड्रायव्हरांची चाचणी उरकावी लागते, किंवा अंधारात घ्यावी लागते. ते दोघे वेळेवर आलेले असतात. उशिरा येणाऱ्याला आत घेणं हा दयाळूपणा वाटतो खरा, पण त्याची किंमत हे दोघे देतात.

सुरुवातीच्या वर्षांत मी कडक नव्हतो. "रात्रभर गाडी चालवून आलाय बिचारा, बसू दे" असं म्हणून घ्यायचो. पहिल्या दिवशी एक जण उशिरा, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी नऊला वर्गात निम्मेच. जे वेळेवर येत, त्यांनाच आपण मूर्ख ठरलो असं वाटू लागलं. मग ओळखी सुरू झाल्या. "सर, आमच्या शेठचा फोन येईल तुम्हाला." एकाला सोडलं की दुसऱ्याला का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नसायचं. आणि खरी भीती वेगळीच होती. या क्षेत्रात न बसता सर्टिफिकेट मिळवून देणारे लोक आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मला दिसत होतं, की वीस मिनिटं सोडणारा हळूहळू अर्धा दिवस सोडतो, अर्धा दिवस सोडणारा एक दिवस सोडतो, आणि एक दिवस सोडणाऱ्यात आणि कागद विकणाऱ्यात फार अंतर उरत नाही. त्या उतारावर पाय ठेवायचाच नाही, असं मी ठरवलं.

त्या कागदानंतर पुढे कुणी काही तपासत नाही, म्हणून मी एवढा अडून बसतो. सर्टिफिकेट पाहून आरटीओ शेरा मारतं. शेरा पाहून टर्मिनलवाला गेटपास देतो. गेटपास पाहून गाडी भरली जाते. पानेवाडीहून असो, माहूलहून असो, उरणहून असो, भरलेली गाडी बाहेर पडली की तुमचा ड्रायव्हर आणि बोरघाटातली किंवा कसाऱ्यातली माणसं, यांच्या मध्ये दुसरं कुणी नसतं. तुम्ही केबिनमध्ये नसता, मीही नसतो. केरळात कण्णूरजवळ चाला इथं २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री एलपीजीचा टँकर दुभाजकाला धडकून उलटला. गॅस सुटला, पेटला, आणि रस्त्याकडेच्या घरांतली २० माणसं गेली. मी प्रत्येक बॅचला हे सांगतो आणि मग एकच गोष्ट विचारतो: गॅस सुटणं आणि पेटणं यांच्या मधल्या वेळात कुणी काय केलं, तर माणसं वाचू शकतात? एलपीजी द्रवाचा वायू झाला की साधारण अडीचशे पट फुगतो. हवेपेक्षा जड असतो, म्हणून वर जात नाही, जमिनीलगत पसरत घरांत शिरतो, गटारात उतरतो. हवेत शंभरात दोन भाग झाला तरी पेटू शकतो. इंजिन बंद, बिडी-काडी बंद, घरातले दिव्याचे खटकेही खाली-वर करायचे नाहीत, माणसं वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं बाहेर, पोलिसांना फोन. हे तोंडपाठ असणारा ड्रायव्हर आणि हे ऐकलेलंच नाही असा ड्रायव्हर, दोघांच्या लायसन्सवरचा शेरा अगदी सारखा दिसतो.

"पंधरा वर्षं गाडी चालवतोय" हे तुम्ही लिहिलंत. त्याच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, मनापासून. घाटात गिअरवर गाडी कशी उतरवायची, हे मला जुन्या ड्रायव्हरांनीच शिकवलं; माझ्या वर्गात अजूनही तो भाग मी त्यांच्यातल्याच एखाद्या काकांना सांगायला लावतो. पण अनुभव ज्या मालाचा असतो, त्याच मालाचा असतो. बारा वर्षं ॲसिड वाहिलेले एक काका माझ्याकडे आले होते. गळती दिसली की पाण्याचा मारा करायचा, असा त्यांचा ठाम समज. तीव्र गंधकाम्लाच्या साठ्यात पाणी गेलं तर ते उसळून अंगावर येतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आजवर तशी वेळ आली नाही म्हणून ते बचावले. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो, म्हणून तिथं पाण्याच्या फवाऱ्यानं हवेतली वाफ खाली आणता येते. पेट्रोलच्या आगीवर पाण्याची धार मारली, तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आगीसह पुढे जातं. एकच पाणी, तीन मालांना तीन प्रकारे. काकांनी त्या दिवशी वहीत हे तीन ओळींत लिहिलं आणि मला म्हणाले, "सर, हे मला पहिल्या वर्षीच कुणीतरी सांगायला पाहिजे होतं."

ड्रायव्हिंगच्या बाबतीतही तेच. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. पुढचं संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर गेले. अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये त्यानंतर आतला माल पुढे धडकतो आणि थांबत आलेल्या गाडीला पुन्हा ढकलतो. ट्रक चालवून टँकरवर आलेल्या माणसाला हा धक्का पहिल्यांदा बसतो तेव्हा तो रस्त्यावर बसू नये, म्हणून तो वर्गात समजावायचा असतो.

कुणी म्हणतं, कॉलेजात ७०-७५ टक्के हजेरी चालते, इथं शंभर टक्के कशाला? वकिलीच्या शिक्षणासाठी बार कौन्सिलनं २००८ च्या नियमांत ७० टक्क्यांची अट घातली होती, हे खरं आहे. पण ते शिक्षण वर्षानुवर्षांचं. एक तास बुडाला तर तोच विषय पुढे दहा वेळा भेटतो. तीन दिवसांच्या वर्गात प्रत्येक गोष्ट एकदाच येते. ३० टक्के सूट दिली, तर जवळजवळ एक दिवस गेला, आणि तो दिवस तिसरा असला तर सगळा मालाचा भागच गेला.

आता तुमच्या बाजूचं बोलतो. नियम कडक असावा असं मानणाऱ्या माणसानं तो नियम अन्यायानं राबवला जातोय का, हेही तितक्याच कडकपणे बघायला हवं.

उशिराचा नियम प्रवेशाच्या वेळीच, ड्रायव्हरला समजणाऱ्या भाषेत, कागदावर दिला पाहिजे. भिंतीवर इंग्रजीत चिकटवलेली सूचना पुरेशी नाही. वर्ग घेणाऱ्यानं स्वतः वेळेवर सुरुवात केली पाहिजे. नऊचा वर्ग साडेनऊला सुरू करणाऱ्या संस्थेला सव्वानऊला आलेल्याला परत पाठवायचा हक्क नाही. जेवणाच्या सुट्टीनंतरही तोच नियम हवा. मालक, ओळखीचा, आरटीओतल्या कुणाचा माणूस, सगळ्यांना एकच वेळ. माझ्याकडे हजेरी पावणेनऊला सुरू होते, नऊला वर्ग, आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी दार बंद. ही दहा मिनिटं मी सगळ्यांना देतो, कारण बस चुकते, पाऊस लागतो. त्यानंतर मात्र नाही.

पण दार बंद झालेल्या माणसाचं पुढे काय, इथं बऱ्याच संस्था चुकतात. तुमच्या ड्रायव्हरनं पहिला दिवस पूर्ण केलाय. त्याची हजेरी आहे, सही आहे. तो दिवस त्यानं कमावलेला आहे. पुढच्या बॅचच्या दुसऱ्या दिवशी त्यानं यावं आणि तिसरा दिवसही त्याच बॅचबरोबर करावा, हे मला रास्त वाटतं. नवी फी नको. बॅचमध्ये फार अंतर पडलं असेल, महिना-दीड महिना, तर पहिल्या दिवसाची तासाभराची उजळणी मी करून घेतो, कारण मधल्या काळात बरंच विसरलेलं असतं. सगळं पहिल्यापासून करायला लावणं ही शिक्षा झाली, आणि मी शिक्षा द्यायला बसलेलो नाही. वर्ग पूर्ण झाला की नाही, एवढंच मला बघायचंय. उशिरामागे अपघात, आजारपण, घरातलं दुःख असेल, तर तीच वाट त्यालाही लागू. फक्त मी त्याला बसवून पाणी देतो, पुढची तारीख स्वतः लिहून देतो आणि मालकाला फोन मीच करतो, म्हणजे त्याला बोलणी खावी लागत नाहीत.

आणि आता त्या न लिहिलेल्या गोष्टीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या दिवशी नऊ पंचवीसला एक मुलगा दाराशी आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. डोळे लाल, शर्टाला डिझेलचा वास, हातात अजून गाडीची किल्ली. आदल्या संध्याकाळी पहिला दिवस संपल्यावर मालकानं त्याला फोन केला होता: "पाचला मोकळा होतोयस ना, मग तळोज्याची एक ट्रिप मारून ये, सकाळपर्यंत परत येशील." तो गेला. येताना गाडी अडकली. रात्रभर झोप नाही, सकाळी अंघोळ नाही, सरळ वर्गावर. मी त्याला आत घेतलं नाही. माझ्या खोलीतल्या बाकावर झोपायला सांगितलं आणि तो दुपारी दोनपर्यंत हलला नाही. उठला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "सर, शेठला सांगू नका मी झोपलो होतो."

नियम ९ मधल्या यादीत ड्रायव्हरची शारीरिक तंदुरुस्ती हा पहिल्या दोन दिवसांतला विषय आहे. पहिल्या दिवशी मी त्याला झोपेबद्दल शिकवलं आणि त्याच रात्री त्याला जागं ठेवलं गेलं. दारावर अडवला गेला तो, भत्ता बुडाला त्याचा, अपमान झाला त्याचा. ज्यानं ट्रिपवर पाठवलं, त्याला फक्त एक ऑर्डर इकडची तिकडे करावी लागली.

म्हणून नियम १३५ प्रत्येक मालकानं एकदा वाचावा, असं मला वाटतं. धोकादायक माल वाहणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला मालाचं स्वरूप, त्यातले धोके, गाडी चालू असताना आणि उभी असताना घ्यायची काळजी, आणि प्रसंग आला तर काय करायचं, याचं पुरेसं शिक्षण मिळालंय याची खात्री करण्याची जबाबदारी तो नियम गाडीच्या मालकावर टाकतो. ड्रायव्हरवर नाही. त्यामुळे वर्गाचे तीन दिवस ही त्याची सुट्टी नाही. तुमची कायदेशीर जबाबदारी तो तुमच्या वतीनं पार पाडत असतो, आणि त्या तीन दिवसांचा पगार, भत्ता, राहण्याचा खर्च तुमचाच असला पाहिजे. हुकलेला दिवस पुढच्या बॅचला भरून काढावा लागला, तर त्या दिवसाचासुद्धा. त्याचा भत्ता बुडाला असं तुम्ही लिहिलंय. तो बुडू देऊ नका, एवढी विनंती आहे.

तुमच्या ड्रायव्हरला उशीर का झाला मला माहीत नाही. कदाचित खरोखर बस चुकली असेल. तुम्ही त्याला रागावून न विचारता शांतपणे विचारा, आदल्या रात्री किती वाजता झोपलास म्हणून.

आता करायचं काय. संस्थेत स्वतः जा, फोनवर नको. उशिराचा लेखी नियम मागा. प्रवेशाच्या वेळी तो दिला नव्हता असं निघालं, तर नव्या फीवर नम्रपणे पण ठामपणे हरकत घ्या. पहिल्या दिवसाच्या हजेरीची नोंद दाखवायला सांगा आणि पुढच्या बॅचमध्ये दुसरा आणि तिसरा दिवस देण्याची विनंती लेखी द्या. बहुतेक ठिकाणी ऐकतात. दार उघडायला हवं होतं, हा वाद मात्र घालू नका; तो तुम्ही जिंकलात तर उद्या त्याच दारातून तुमच्या शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या टँकरचा ड्रायव्हर उशिरा आत शिरेल.

सर्टिफिकेट हातात येऊन शेरा लागेपर्यंत त्याला धोकादायक मालावर पाठवू नका, एका ट्रिपसाठीसुद्धा नाही. 'तीन हजार जास्त द्या, उद्या कागद देतो' असं सांगणारा कुणी तुम्हाला नक्की भेटेल. काही झालं तर पोलीस आणि विमा कंपनी पहिल्यांदा तोच कागद बघायला मागतात, आणि हजेरीपटावर ड्रायव्हरची सही नसेल तर तो कागद तुमच्याच विरोधात उभा राहतो.

पुढच्या वेळेसाठी एवढं करा. शेऱ्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांची झाली आहे, पूर्वी ती एकाच वर्षाची होती. त्यामुळे तारीख विसरायची शक्यता वाढली आहे. चारही ड्रायव्हरांच्या मुदती ऑफिसच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि संपायच्या दोन महिने आधी बॅच ठरवा, म्हणजे एखादा दिवस हुकला तरी गाडी उभी राहणार नाही. चौघांना एकाच वेळी पाठवू नका. वर्गाच्या आदल्या दिवशी दुपारनंतर त्याच्याकडून किल्ली काढून घ्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत देऊ नका. लांबून येणार असेल तर संस्थेच्या जवळ राहायची सोय करून द्या. दोन रात्रींचं भाडं एका बुडालेल्या ऑर्डरपेक्षा नक्कीच कमी असतं.

आणि तो परत आला की त्याला गाडीजवळ घेऊन जा आणि मागची पाटी वाचून दाखवायला सांगा. कुठला आकडा कशाचा, शेवटचं अक्षर काय सांगतं, गळती झाली तर तो कुठल्या बाजूला उभा राहील. पाच मिनिटं लागतात. मालकानं असं विचारलं, असं सांगणारे ड्रायव्हर मला एकोणीस वर्षांत फार थोडे भेटले, पण त्यांच्यापैकी एकही जण पुढच्या उजळणीला उशिरा आलेला मला आठवत नाही.